धुऱ्यावर थांबलेला सिनेमा

दुर्गेश्वरी मॅडम आमच्या पुढच्या खोलीत राहते. वयाने माझ्या थोरल्या नातीपेक्षा फार मोठी नाही, म्हणून मी तिला एकेरीत बोलतो. बाकी गाव "या जी मॅडम, बसा जी" करतं. माहेर दवनीवाड्याचं आणि नोकरी आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या लहानशा गावात, म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी एसटीतून उतरली ती काखेत सुपडं घेऊन. माझ्या बायकोने, मंदाबाईने विचारलं, "सुपडं कायले आणलं जी? इथं का मिळत नाई?" तर म्हणते, "आईनं देल्लं. नाई कसं म्हणू?" तेव्हाच मी मंदाबाईला म्हटलं, ही पोरगी टिकते.

तिच्या गोष्टी सांगायला बसलो तर उजाडेल. वर्गात धामण निघाली तेव्हा बाकावर चढून तिने तिथूनच पाढे घेतले, ती गोष्टसुद्धा बाजूला ठेवतो. आज प्रियाची सांगतो.

प्रिया योगराज मडावीची पोरगी, चौथीत. घरी गोंडी बोलतात, पुस्तक दुसऱ्याच भाषेत. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, झाली की योगराज आणि त्याची बायको मजुरांच्या गाडीने मिरच्या तोडायला तेलंगणात जातात. यंदा प्रियालाही न्यायचं ठरलं होतं. मागच्या साली मॅडमच्या वर्गातली दोन भावंडं अशीच गेली आणि शाळेत परतलीच नाहीत. त्यांच्या जागेवर कोणी बसलं तर मॅडम अजूनही उठवते.

ती योगराजच्या घरी गेली, मी सोबत होतो.

"पोरीले ठेवा जी. आजी आहे ना घरी."

"ठेवून काय करू मॅडम? पुस्तक हातात धरलं का घाम फुटते तिले."

"तिले काय येते ते मी दाखवते. गाडी यायच्या आधी."

"दाखवा," योगराज म्हणाला. "मंग पाहू."

आमच्याकडे 'पाहू' म्हणजे होय नाही, नाहीही नाही. पण मॅडमने ते शब्द वचनासारखे पदरात बांधून आणले.

शाळेत तेव्हा पोरांचा एक सिनेमा चालू होता. 'भात कुठून येतो' हा धडा मॅडम पुस्तकातून न शिकवता मातीच्या माणसांकडून शिकवत होती. बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, चिकणमातीचा शेतकरी, त्याची बायको आणि एक पोरगी. फळीवर मातीचीच बांधी, म्हणजे धानाचं शेत, मागे आभाळ म्हणून मंदाबाईचं निळं लुगडं, समोर विटांत बसवलेला मोबाइल. फोटो काढायचा, माणूस केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की मातीची माणसं चालू लागतात. याला स्टॉप मोशन म्हणतात, असं त्याच वर्गातली माझी धाकटी नात टीना मला सांगत होती. मी बघायला गेलो तर तीच ओरडली, "आबाजी, सावली पडून राहिली, सरका ना."

तासाभरात शेतकरी वीतभर चालला. मी म्हटलं, "एवढ्यात मी आख्खी बांधी नांगरली असती."

प्रिया मान वर न करता म्हणाली, "तुमचे बैल सोताच हालतात आबाजी. आमाले हालवा लागते."

खरी गंमत पुढेच होती. कोणता फोटो कोणत्या फोटोनंतर, हे ठरवताना पोरं भांडायची. चिखल आधी की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आधी? रोवण्याच्या वेळी सगळी गुडघाभर चिखलात उभी राहिलेली, पण क्रमाने बोलायची वेळ कधी आली नव्हती. प्रिया आधी गोंडीत सांगायची, मग मराठीत, आणि मॅडम ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायची. तिचीच वाक्यं होती, म्हणून प्रियाने ती घडाघडा वाचली. घाम नाही, काही नाही. सिनेमातला आवाज तिचाच ठेवायचा ठरलं.

गाडी रविवारी येणार होती. गुरुवारी मातीची पोरगी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, अर्ध्या वाटेत पोचली. "कोणी हात लावू नका" असं बजावून मॅडम घरी आली.

शाळेची खिचडी शिजवते बायजाबाई, योगराजची माय. किल्ली तिच्याजवळ असते. झाडायला गेली तर फळीवर मातीची माणसं, बाईच्या कपाळाला कुंकू. हात लावायची बंदी तिने कानांनी ऐकलेली. दसरा गेला, दिवाळी गेली, मंडई झाली, आणि या मूर्ती अजून बसलेल्याच! मातीची मूर्ती दिवस उलटल्यावर ठेवत नाहीत, ती पाण्याला द्यायची असते. नाहीतर तिचा भार घरावर येतो. त्यात तिचा पोरगा परमुलखात निघालेला. तिने उदबत्ती लावली, चिमूटभर तांदूळ वाहिले आणि तिघांना पदरात घेऊन बोडीत शिरवून आली.

सकाळी तिनेच आनंदाने सांगितलं, "तुमी इसरल्या होत्या मॅडम. मी शिरवून आली."

मॅडम तडक बोडीवर गेली, साडी खोचून पाण्यात उतरली आणि मुठी भरभरून गाळ काढत राहिली. पोरं काठावर उभी. टीना म्हणते, मॅडम प्रत्येक मूठ उघडून पाहत होती.

दुपारी नवी माणसं केली. ओली माती उन्हात तडकली आणि भेगा बुजवता बुजवता शेतकरी दुप्पट जाडा झाला. वर्गातला हिमांशू म्हणाला, "हा पाहुणचार खाऊन आला वाट्टे." पोरं हसली. मॅडमने तो शेतकरी उचलला, खाली ठेवला आणि सगळ्या वर्गासमोर रडायला लागली.

संध्याकाळी ताटावर बसली, पण घास उचलेना. "आबाजी, सिनेमात अजून लोंब यायची आहे, कापणी व्हायची आहे. मी योगराजले आता काय दाखवू?" मी तिला हसवायला दोन गोष्टी सांगितल्या. लागल्या नाहीत.

शनिवारी प्रियाच म्हणाली, "मॅडम, मीच उभी राहू का धुऱ्यावर?"

सगळी फौज कापलेल्या बांधीत गेली. प्रिया धुऱ्यावर उभी राहिली. फोटो. पाय थोडा सरकवला. फोटो. बाकीची पोरं हातात तणसाच्या पेंढ्या घेऊन उकिडवी बसली आणि बोटाबोटाने उठत गेली. तो झाला वाढता धान. उन्हं उतरेपर्यंत मॅडमने फोटो काढले.

रविवारी सकाळी योगराज शाळेत आला. सिनेमा पाहायला सगळी पोरं जमली होती, म्हणून सुट्टी असूनही बायजाबाईने खिचडी चढवली होती. बायकोच्या कडेवर धाकटा पोरगा गुड्डू, वर्षाचाही नसेल. मॅडमने सिनेमा लावला. मातीची पोरगी धुऱ्यावर आली, थांबली, आणि तिच्या जागी प्रिया पाय न उचलता घसरत पुढे गेली. मागून तिचा आवाज ठणठणीत वाचत होता.

"आणखी एकदा लावा," योगराज म्हणाला.

पुन्हा लावला. मॅडमचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, जिंकली पोरगी.

"पोरगी हुशार आहे, मॅडम. हे मले आधीच मालूम होतं."

"मंग?"

"गुड्डूले कोन पाहील? आमी दोघं दिवसभर ओळीत. मिरचीच्या हातानं पोराले उचलता येत नाई. त्याच्यासाठी नेऊन राहिलो तिले."

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं नाई. तुमी म्हटलं, शिकते का ते पाहा. पाहलं."

"गुड्डूले माझ्याजवळ ठेवा."

"अंगावर पिते तो."

मॅडम भिंतीला टेकली. आता तिच्याजवळ दाखवायला काहीच उरलं नव्हतं. तेवढ्यात चुलीच्या खोलीच्या दारातून बायजाबाई हातातल्या पळीसकट आत आली.

"मी जाते गुड्डूले घ्याले."

"तुले खोकला आहे माय. तिथं मिरचीच्या ढिगापाशीच राहा लागते."

"खोकला इथं का नाई?" मग मॅडमकडे वळली. "तुमचे माणसं मी पान्यात टाकले. पोरीले तुमच्याजवळ झोपवा."

मॅडमने तोंड उघडलं. 'नको' म्हणणार होती, मी समोरच होतो, मला दिसलं. तिने प्रियाकडे पाहिलं. प्रिया आजीकडे बघत होती. 'नको' आलं नाही.

दुपारी गाडी आली. गाठोड्यांच्या मधोमध बायजाबाई गुड्डूला मांडीवर घेऊन बसली. "मीठ शेवटी टाकजा," एवढंच मॅडमला म्हणाली. खिचडीचं.

आता प्रिया पुढच्या खोलीत मॅडमजवळ झोपते. वाचते, टीनाशी भांडते, दोन वेळा पोटभर जेवते. बायजाबाईचा फोन येतो. आधी खोकला ऐकू येतो, मग "बरी आहो". प्रिया तिला धडा वाचून दाखवते, तोवर ती खोकला दाबून धरते. ते आम्हाला कळतं. फोन बंद झाल्यावर मॅडम कधी कधी माझ्या खाटेजवळ येऊन बसते.

"आबाजी, मी नको म्हणायले पाह्यजे होतं का?"

मी तिला दुसरीच कुठली तरी गोष्ट सांगायला घेतो. ती शेवटपर्यंत ऐकून घेते आणि पुन्हा तेच विचारते.