खिडकीकडे दोन बोटं

काल गोष्ट सांगता सांगता मी कैचीपाशी थांबलो होतो. तर मिरचीनं ती टेबलावर आपटली आणि म्हणाली, "खिडकीची जागा मिळणार नसेल तर मी निघाले."

आमची शिवणकामाची शेड ती. मी इस्त्री करायचो, आणि माझी थोरली बहीण, अक्का, तिथली सगळ्यांत जुनी शिवणारी. मशिनी चार. खिडकीशी अक्का. पंख्याखाली जिराफ, म्हणजे उंच आहे म्हणून. दाराशी मिरची, तिला हे नाव का पडलं ते कळलंच असेल. कोपऱ्यात नुकतीच कामाला लागलेली नवी. जागांवरून सकाळपासून भांडण जुंपलेलं, मशिनी बंद. मालक बजावून गेलेला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम सुरू झालं नाही तर गणवेशांचं सगळं कापड दुसऱ्या शेडमध्ये जाईल. मग आम्ही बसा घरी. इस्त्री निवत चालली होती.

आता अक्काला कोड्यांचा भारी नाद. चार भाऊ, चार खोल्या, कुणाला आधी कुठली हवी, मग कुठली, असलं कोडं सोडवताना चहाचं पार पाणी व्हायचं. मी म्हणायचो, "अगं, ह्यानं पोट भरतं का?" त्या दिवशी प्रश्न पोटाचाच होता.

"उभ्या राहा," अक्का म्हणाली. "जिला जी जागा सगळ्यांत जास्त हवी, तिनं त्या जागेवालीकडे बोट दाखवायचं. आपलीच आवडत असेल तर स्वतःकडे. बोटांचं रिंगण जुळलं की रिंगणातल्यांनी जागा बदलायच्या. उरलेल्यांनी उरलेल्या जागांतून पुन्हा. आहे त्याहून वाईट कुणाच्या वाट्याला येणार नाही."

"आणि खोटं बोट दाखवलं तर?" जिराफनं विचारलं.

"तर नको ती जागा गळ्यात पडेल."

मिरचीचं बोट अक्काकडे. जिराफचंही अक्काकडे. नवीचं भीतभीत जिराफकडे, तिला पंखा हवा होता. अक्काचा हात मात्र खालीच. तिनं स्वतःकडे दाखवलं तर खिडकी तिच्याकडेच राहणार आणि मिरची चालती होणार. मिरचीकडे दाखवलं तर जिराफ भडकणार. तेवढ्यात बाहेर मालकाची फटफटी थांबली.

अक्कानं बोट उचललं, ते कोपऱ्याकडे. नवीकडे.

अक्का ते नवी, नवी ते जिराफ, जिराफ ते अक्का. रिंगण जुळलं. मिरची रिंगणाबाहेर, दाराची जागा तिची तिलाच.

"नाटक आहे सगळं," मिरची म्हणाली. "कोपरा कुणाला हवा असतो? मला खिडकी मिळू नये म्हणून केलंय हे." कैची पुन्हा तिच्या हातात. मालक उंबऱ्यावर.

मलाही तसंच वाटत होतं. मी म्हणालो, "अक्के, खरं सांग. सगळ्यांत मोठी म्हणून मानानं दिलेली जागा ती. सोडलीस का?"

अक्कानं आपली उशी काखेत मारली, कोपऱ्यात जाऊन दिवा लावला. मग जे बोलली त्यानं मिरची कैची ठेवून दाराशी जाऊन बसली आणि मालकासमोर चारही मशिनी घरघरू लागल्या. ते उत्तर जसंच्या तसं सांगतो:

"तुम्ही मान दिलात म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. मोतीबिंदू आहे मला, खिडकीतलं ऊन डोळ्यांत घुसतं, सुई दिसत नाही. माझं बोट पहिल्यापासून कोपऱ्याकडेच होतं, विचारलंत कुणी? आणि मिरचे, बसायचं तर बस, जायचं तर जा, पण जाताना दार लावून घे. तिथूनही ऊन येतं."