रुसलेल्या गौरी

आमच्या मावससासूबाईंसमोर रडायची सोय नव्हती. बाकी सारं नाशिक रडणाऱ्याला पाणी देतं, पाठीवरून हात फिरवतं, आमच्या मावशी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "थांब, पुसू नकोस. हा ओठ असा खाली कसा ओढला जातो ते बघू दे." लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात माहेरच्या आठवणीनं मी न्हाणीघरामागे हुंदके देत उभी होते. मावशींनी मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि मग "हं, रड आता," अशी परवानगी दिली. आता कुठलं रडू येतंय!

या मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, म्हणून पंचवटीतल्या आमच्या घरावर नजर ठेवायला मावशी नाशिक रोडहून एस.टी.नं यायच्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना डबा, आणि डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली शाडूची माती. चित्रकलेच्या शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. हत्यारं म्हणाल तर केसांचा एक आकडा, क्रोशाची सुई आणि दात पडलेली फणी. बसमध्ये समोर एखादं बरं नाक येऊन बसलं की मांडीवर डबा उघडून ते करायला घ्यायच्या. अशा एका नाकापायी परत जाताना नाशिक रोड मागे पडलं आणि बाई थेट सिन्नरला उतरल्या. पण चेहऱ्यावर कोण आनंद! पुढच्या खेपेला आम्हांला ते नाक दाखवत म्हणाल्या, "बघा, तुच्छता! ही इथं नाकपुडीच्या कोपऱ्यात राहते." पोळ्यांना बसवलं तर परातीत पोळ्यांऐवजी पाचसहा मुंडकी तयार. एकदा सासरे, म्हणजे आमचे मामंजी, भुकेजून आत डोकावले, तर परातीतून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे आशाळभूतपणे बघत होता. "अगं, निदान मला तरी भाज," म्हणाले बिचारे.

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झालेली. म्हणजे जगातलं सगळं मला ठाऊक होतं, आणि उरलेलं लोकांना सांगायचं बाकी होतं. मावशींना मी एकदा पाटावर बसून सुनावलं, "कला म्हणजे सौंदर्याचा आविष्कार, मावशी." त्या म्हणाल्या, "असेल बाई. मग रुसवेफुगवे कुठं ठेवायचे म्हणतेस?" मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय! नंतर मला शहाणी करायला त्यांनी पांडवलेण्यात नेलं. मी नवीकोरी नायलॉनची साडी नेसून, पर्स खांद्याला लावून. एका लेण्याच्या ओट्याखाली दगडाचे बुटके गण आहेत, सारं लेणं खांद्यावर पेलल्यासारखे बसलेले. मावशी त्यांच्याशेजारी जाऊन तश्शाच बसल्या. खांदे वर, मान आत, डोळे बाहेर. सहलीच्या मुलांनी भोवती कोंडाळं केलं. मी दहा पावलं लांब जाऊन आपण या बाईंच्या कुणी नव्हेच असा चेहरा करून डोंगर बघत राहिले. थोड्या वेळानं त्या तिथूनच ओरडल्या, "अगं ए सूनबाई! मानेत नाही, गुडघ्यात कळ येते! करणाऱ्याला ठाऊक होतं बघ, गुडघे कसे दाबलेत!" त्या मुलांपैकी निम्मी मग गण होऊन बसली, आणि मास्तर नको नको म्हणत होते तेही शेवटी गुडघे बघायला वाकले.

आता माझ्या पराक्रमाकडे वळते. त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, त्यांना मी वहिनी म्हणत असे, पहाटेपासून चीक शिजवून गच्चीवर कुरडया घातल्या आणि मला राखणीला बसवलं. मी कादंबरी घेऊन बसले. नायिकेचं लग्न मोडेपर्यंत कावळ्यांनी अर्ध्या कुरडया नेल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "बी.ए. झालं की कावळे दिसायचे बंद होतात वाटतं." मी म्हणाले, "कावळे हाकायला बी.ए. लागत नाही, म्हणून तर ते काम तुमचं." झालं! चार महिने अबोला. मीठ हवं असलं तरी आम्ही मामंजींमार्फत मागायचो. मी ह्यांच्या मागे टुमणं लावलं, आणि ह्यांनी नाशिक रोडला एक खोली बघितली. गौरी गेल्या की चूल वेगळी करायची असं ठरलं. मामंजींची एक पोळी कमी झाली, आणि ती आम्ही दोघींनी पाहिली आणि दोघींनी न पाहिल्यासारखं केलं.

गौरींच्या आठ दिवस आधी माळ्यावरून मुखवट्यांची पेटी काढायची होती. एक कान मी धरला, एक वहिनींनी. "धरलंस का?" हे विचारायचं कुणी? दोघींनाही वाटलं दुसरीनं धरलंय. दोन्ही गौरींचा चुराडा! मावशी धावत आल्या, चार दिवस स्वयंपाकघरात आमच्या दोघींच्या मधोमध पाट मांडून बसल्या आणि नवे मुखवटे करू लागल्या. सारख्या माझ्याकडे बघत. मी काय ते ओळखलं. रूप देवीला शोभेलसं घरात दुसऱ्या कुणाचं होतं! चारही दिवस मी पावडर लावून, मान किंचित तिरकी करून भाजी चिरली. बोटही कापून घेतलं.

आवाहनाच्या दिवशी तुळशीपाशी दोन ताम्हनांत झाकलेले मुखवटे ठेवलेले. थोरलीनं थोरली घ्यायची, धाकटीनं धाकटी. पण कुठली कुठली हे विचारायला बोलावं लागलं असतं, म्हणून हाताला लागलं ते प्रत्येकीनं उचललं. उंबऱ्याच्या आत मावशी, शेजारी निरांजन घेऊन मामंजी. मावशींनी विचारलं, "कोण आलं?" आम्ही दोन दिशांना बघत म्हणालो, "गौरी आल्या." मावशींनी रुमाल काढले.

माझ्या ताम्हनात वहिनी होत्या. ओठ मुडपलेला, एक भुवई वर. आणि वहिनींच्या ताम्हनात मी! नथीसकट नाक फुगलेलं, डोळे पाण्यानं भरायच्या बेतात, पण मी नाहीच रडणार अशी हनुवटी. मामंजींनी निरांजन जवळ नेलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "अगं, देवीसुद्धा बोलेनात आमच्या घरात," ते हळूच म्हणाले.

वहिनी आपल्या ताम्हनात बघत राहिल्या, बघतच राहिल्या, आणि त्यांचा तो ओठ थरथरला. "अगं, तुझं नाक!" चार महिन्यांतलं पहिलं वाक्य. "आधी तुमचा ओठ बघा!" मी म्हणाले. मग जे हसू फुटलं ते आवरेना. ताम्हनं डुगडुगायला लागली. मावशी किंचाळल्या, "पाडाल गं, रंग ओला आहे अजून! कशाच्या पावली आल्या ते तरी सांगा!" सांगायला श्वास कुठं होता? वहिनी उंबऱ्यात बसल्या, मी त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि हसता हसता दोघींना केव्हा रडू आलं ते कळलं नाही. मावशींना मात्र कळलं. "पुसू नका!" त्या म्हणाल्या.

खोली नको म्हणून ह्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका गौरींकडे बघत आणि पदरात तोंड लपवत. मी मावशींना एकटं गाठलं. "खरं सांगा, आमचं मिटावं म्हणून केलंत ना हे?" त्या खरोखरच दचकल्या. "छे गं! समोर दोन इतकी झकास रुसलेली तोंडं. सोडते की काय!"

पुढं दर वर्षी आम्ही दोघी त्यांना विनवायचो, आता तरी थोडं हसू द्या गौरींना. त्या म्हणायच्या, "हसरी तोंडं बाजारात हवी तितकी मिळतात." असं करता करता मावशी गेल्या. परवाच्या माघात वहिनीही गेल्या. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, छान हसताहेत. पण ते हसू फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून हसलेलं आहे. यंदा दोन्ही गौरींना मी एकटीनं उभं केलं. मुखवटा उलटा धरला तर आत मावशींच्या अंगठ्याचे दाब दिसतात, जिथं त्यांनी आतून रेटून वहिनींची भुवई वर काढली होती.

"आई, रंग फार उडालाय," माझी सून म्हणाली. "पेंटरकडे देऊ या का? जरा हसऱ्याच करून घेऊ."

"रंग दे," मी म्हटलं, "पण ओठाला हात लावू देऊ नकोस त्याला. माझ्यावर इतकं मनापासून रागावणारं आता दुसरं कुणी उरलं नाही गं."