महेमूदची पत

मस्तगडातला वेल्डर महेमूद मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिला. मेहुणा पळाला आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव लागलं महेमूदचं. तीन वर्षं हप्ते त्यानंच भरले. पुढं नव्या मशीनसाठी तो पतपेढीत गेला, तर मॅनेजर प्रेमानं म्हणाले, "तुमचं रेकॉर्ड खराब आहे." बरोबरच आहे, दुसऱ्याचं कर्ज फेडणाऱ्यावर भरवसा ठेवायचा तरी कसा!

शेवटी बायकोनं, सरदारबीनं, बचत गटातून आठ हजार उचलले. गटातल्या बायकांनी बजावलं, "पैसा नवऱ्याच्या हाती द्यायचा न्हाई." सरदारबीनं स्वतः जाऊन मशीन आणलं. दीड वर्षात कर्ज फिटलं, तेव्हा मॅनेजरच दुकानात आले.

"महेमूदभाई, आता घ्या की कर्ज!"

"बायकोला विचारून सांगतो," महेमूद म्हणाला. "घरात रेकॉर्ड तिचंच चांगलं हाय."