शिंप्याची गाठ, मास्तरणीचा पाय

माझ्या उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूनं हाड वर आलं होतं. चप्पल नेमकी तिथंच घासायची. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत शिकवते. पाचव्या तासापर्यंत सगळा जीव त्या करंगळीत गोळा व्हायचा. नवरा शिंपी. त्यानं माझ्या नव्या सँडलला गाठीच्या जागी कात्रीनं गोल छिद्र पाडलं आणि वर कडेला सुबक गोट लावून दिला. शाळेतल्या बायांनी विचारलं, "नवी फॅशन का?" मी हो म्हटलं.

शेवटी गोंदियाला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "मॅडम, सिलाई का काम करती हो?"

"मी नाही, हे करतात."

"इसको टेलर्स बनियन, यानी दर्जी की गांठ कहते हैं. पहले दर्जी जमीन पे पालथी मारके बैठते थे, तो पैर का यही हिस्सा घिसता था."

मी नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. वीस वर्षं पायमशीन चालवलेले पाय, एकदम गुळगुळीत. तो एवढा हसला की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

आधी रुंद चप्पल, मऊ गादी, गोळ्या असं वर्षभर करून पाहिलं. फरक नाही. मग केशोरी गावात भाचीचं लग्न निघालं. मंगलाष्टकं चालू असताना एका धिप्पाड पाहुण्यानं नेमका माझ्या गाठीवर पाय दिला. मी अशी किंचाळले की बँडवाल्याला वाटलं, लागलं लग्न. त्यानं बँड सुरू केला. नवरीनं गडबडून हार घातला. भटजी मात्र अजून तिसऱ्या अष्टकावरच होते.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशन करायचं.

नवरा हादरला. "हाड कापून घेतेस? कायले? मी अजून मोठं छिद्र पाडून देतो ना!"

"तुमच्या छिद्रातून माझा अख्खा पाय बाहेर येईल आता," मी म्हटलं.

कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला. हाड थोडं कापलं, आत सरकवलं आणि बारीक स्क्रू लावला. मी टक्क जागी होते. पडद्याआडून विचारलं, "माप बरोबर घेतलं ना?" डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हँसाओ मत, हाथ हिलता है."

दीड महिना टाचेवर जोर देऊन बदकासारखी चालले. नवऱ्यानं रोज भात रांधला, तो कधी पेज व्हायचा, कधी वीट. सूज जायला आणखी काही महिने लागले.

परवा शाळेची सहल चोरखमाऱ्याच्या तलावावर नेली. तलावाच्या पाळीवरून मी टोकापर्यंत गेले आणि परतही आले. दुखलं ते फक्त डोकं, पोरांच्या ओरडण्यानं.