बाईंच्या परातीतले वाल

दहिवलीच्या निवृत्त अंगणवाडी सेविका सुमनबाई यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गौरवसमितीनं लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, मी पिठाची गिरण चालवणारा, शाळा चौथीत सुटलेली. माझ्या लिखाणात कोंडा फार निघेल. समिती म्हणाली, चाळून घेऊ.

बाईंची माझी ओळख भांडणातून झाली. गिरणीच्या आवाजानं अंगणवाडीतली पोरं दुपारची झोपत नाहीत, असा निरोप त्यांनी धाडला होता. मी तरातरा त्यांच्या घरी गेलो. बाई ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी परात माझ्याकडे सरकवली.

"सलग दहा डाळिंब्या अख्ख्या काढ रं. मग हवं तेवढं वरड."

वालाचं साल काढताना बोटात राग असला की डाळिंबीच्या दोन फाका होतात, आणि एक फुटली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माझी मजल चारापुढे गेली नाही. अर्ध्या तासानं मी कशासाठी आलो होतो तेच मला आठवेना. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन तास गिरण बंद.

निवडणुकीत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन उमेदवार त्याच परातीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले मी पाहिले आहेत. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा बाईंनी अकरा दिवस मला डबा दिला. अकराही दिवस त्याच वालांचं बिरडं. तक्रारीला जागा नव्हती. त्यातल्या फाका बहुतेक माझ्याच होत्या.

पण बाई खऱ्या कळल्या त्या गेल्या उन्हाळ्यात. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा निरोप सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. त्यात एक परका माणूस पोतं घेऊन गावात आला. पोत्यातून चित्रं असलेली लहान मुलाची छत्री डोकावत होती. तेवढा पुरावा पुरला. पंधरा-वीस जणांनी त्याला धरलं, एकानं कानाखाली लगावलीसुद्धा. मीही गर्दीत होतो, आणि मागे नव्हतो.

बाई गर्दीतून आत शिरल्या, त्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याला ओट्यावर नेऊन आपल्या शेजारी बसवलं.

"पोलिसांना फोन केलाय. ते येईपर्यंत परात घ्या."

"बाई, ही काय वाल सोलायची येळ हाय?" कोणीतरी ओरडलं.

"मारायची तरी हाय का? बस खाली."

बसले सगळे. ज्यांना लहानपणी बाईंनी नाक पुसून खिचडी भरवली, ते उभे कसे राहणार? वालांचा चेंदा होत होता. तो माणूस मात्र अख्ख्या डाळिंब्या काढत होता. इतक्यात शेजारची आजी आली.

"अगं बया, ही तर आमच्या पिंकीची छत्री. मघाशी मीच दिली याला, मोडकी काडी बसवायला."

कोणी कोणाकडे बघेना. बाईंनी शांतपणे विचारलं, "तो निरोप कुणाकडून आला रं तुमाला?"

मोबाईल निघाले. ह्याला त्यानं, त्याला चुलत्यानं, आणि चुलत्याला, "गिरणवाल्या काकांनी."

काका म्हणजे मी. मी तो निरोप पुरता न वाचताच सगळ्यांना धाडला होता. आता बाई चारचौघांत काढतील ती खरडपट्टी ऐकायची तयारी केली. पण पोलीस विचारपूस करून गेले तशी बाईंनी इतरांना घरी पाठवलं आणि परात माझ्यापुढे ठेवली. मी त्या माणसाची हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "काका, अंगठा जरा ढिला ठेवा," आणि माझ्या शेजारी बसून शिकवू लागला. रात्रीचं बिरडं खाऊनच तो गेला.

आता कुठलाही निरोप आला की मी तो पुढे धाडण्याआधी बाईंच्या ओट्यावर जातो. बहुतेक निरोप तिथंच शिळे होतात. पण सलग दहा मला अजून जमलेल्या नाहीत. परवा नऊवर फुटली. एवढी शिकवणी अर्धवट टाकून बाईंना कुठं जाता यायचं नाही. त्यांची बोटं, डोळे, गुडघे धडधाकट राहोत आणि शंभरी त्यांनी याच ओट्यावर गाठावी. वाल मी भिजत घालीन.