ओ न देणारी नागम्मा

मंगळवारी सकाळी नागम्मा गेली. निरोप आला तो सुनंदाबाई गेल्याचा. त्यामुळं भालकीजवळच्या त्या गावात अंत्यविधीला तिचे कलबुर्गीचे सहकारी, विद्यार्थी कोणीच पोचले नाहीत. मी बसमधून दोघातिघांना फोन केले. "कोण सुनंदाबाई?" असंच सगळ्यांनी विचारलं. मी सांगेपर्यंत उशीर झाला होता.

मला ते नाव ठाऊक होतं, कारण शेवटच्या भेटीत तीच म्हणाली होती, "बघ, सुनंदा मेली म्हणतील." मग उशीवर मान वळवून म्हणाली, "जिती हाय तवर निभावलं गं. हाक मारली तर ओ दिली न्हाई. पण मेल्यावर ओ न देणं कसं जमायचं? तू जरा सांग की घरात..."

ती अफजलपूरकडची. कानडी आजीनं नागोबाला केलेल्या नवसाची, म्हणून नागम्मा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं, तेव्हा तिनं तळव्यानं तांदूळ सारखे केले. मांडवात कुजबुज झाली. सासू म्हणाली, "आमच्यात सुनेचं नाव बदलत्यात."

"बदला की. मी ओ देणार न्हाई."

आणि खरंच दिली नाही. सासू चुलीपाशी बसून दहा हाका मारायची, ही ढिम्म. शेवटी सासूनंच तोडगा काढला : "ए अफजलपूरवाली, बहिरी झालीस का?" त्यावर मात्र ही हसत उठायची. नवरा, दिगंबरराव, आयुष्यभर "ऐकलं का" म्हणाले. दोन्ही नावांतून सुटका. बाकी गावानं सुनंदाबाई केलं ते केलंच.

कलबुर्गीच्या कॉलेजात आम्ही बरोबर शिकवायचो. ती सीमेवरच्या गावांतल्या बायकांची माहेरची नावं गोळा करत हिंडायची. आळंद तालुक्यात एका म्हातारीला तिनं नाव विचारलं. म्हातारी "शेवंता" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "कुणी इचारलंच न्हाई गं बाई इतकी वर्सं." तिचे लेख 'नागम्मा' एवढ्याच नावानं छापून यायचे. लोकांना ते टोपणनाव वाटे. वृत्तपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी एकदा पूर्ण नाव मागितलं, तर हिनं कळवलं, एवढंच पूर्ण आहे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या मुलाशी, महेशशी, बोलले. फोटो तयार होऊन आला होता, खाली पितळी पट्टीवर 'सुनंदाबाई'. "मावशी, सगळा गाव सुनंदाबाईच म्हणायलाय," तो म्हणाला. "आता मधीच दुसरं नाव घातलं तर लोक म्हणतील, ही कोण? कामून गोष्ट वाढवायलाव?" दिगंबरराव शेजारीच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मांजरेच्या काठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून राहिला. चुलतदीर ओरडले, "सुनंदा वैनी, नातीचं लगीन थाटात करू!" महेश म्हणाला, "आई, तुझी पुस्तकं कुणाला देणार न्हाई." कावळा हलेना. लोक एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात दिगंबरराव काठी टेकत पुढं आले.

"नागम्मा."

सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांचा आवाज फाटत होता. "नागम्मा, चुकलंच माझं. तुझ्या नावानंच व्हईल सगळं."

कावळा तरीही उतरला नाही. ऊन चढल्यावर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परवा मी पुन्हा जाऊन आले. महेशनं फोटोखालची पट्टी काढली आहे; स्क्रूची भोकं तेवढी दिसतात. नवी पट्टी अजून आलेली नाही. फोटोखालच्या फळीवर तिच्या माहेरचा तांब्या ठेवला आहे. लग्नाआधी भांड्यांवर नावं घालणाऱ्यानं तिच्या आईला विचारलं होतं, पुढं काय घालू? "पुढचं तिचं ती बघंल," आई म्हणाली होती. दिगंबरराव रोज तो तांब्या घासून भरून ठेवतात. त्यावर नागम्मा एवढंच कोरलेलं आहे.