अज्जाची रिकामी जागा

सुरुवातीलाच सांगते, मी भुताखेतं मानणारी नाही. इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. मी विमा एजंट. कागदावर सही-शिक्का नसेल तर माणूस मेला हेसुद्धा मी मानत नाही, मग मेल्यानंतरचं काय मानणार? नवरा म्हणतो, तुझ्यासमोर भूत आलं तर तू त्यालाच पॉलिसी विकशील. तरीही २००४ च्या उन्हाळ्यात कसबा बावड्यात जे पाहिलं ते लिहितेय… कारण ते मी एकटीनं पाहिलेलं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. तेही आडवा नाही. खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात. कोडोलीच्या आमच्या शेतात एका कडेला सगळे वाडवडील असे ओळीनं बसलेले आहेत. त्या ओळीत अज्जीच्या शेजारी एक जागा रिकामी होती. ती माझ्या अज्जाची, म्हणजे माझे वडील अप्पा यांच्या वडिलांची.

अज्जा लष्करात शिपाई होता. ब्रह्मदेशातून लढाई संपल्यावर लंगडत परत आला, पण घरात रमला नाही. भावांशी कडाक्याचं भांडण झालं आणि उठून निघून गेला. अप्पा तेव्हा शाळेत जाणारं पोर. काही वर्षांनी निरोप आला, की तो बावड्याकडे कुठंतरी वारला आणि तिथल्याच लोकांनी पुरला. अज्जीनं विचारायचा प्रयत्न केला तेव्हा दिरांनी विषय तोडला. कुणी बघायलाही गेलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

अप्पा रिटायर झाले आणि वंशावळीच्या मागं लागले. सात पिढ्यांची नावं गोळा केली, पण सगळी धडपड खरं तर एकाच नावासाठी होती. त्यात हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार वेळ नाही. अप्पांना ते न सांगताच कळलं असावं. म्हणाले, "मी जायच्या आधी माझ्या बापाला घरी आणायचा. येवढंच कर."

सैनिकांच्या कचेरीत काही हाती लागलं नाही. मग मी दर रविवारी स्कूटी काढून बावड्यात जायला लागले. साखर कारखान्याच्या बाजूनं, मळ्यांतून, म्हातारं माणूस दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. लोक चहा पाजत, चौकशा करत आणि शेवटी माहीत नाही म्हणत. बांधापलीकडे प्लॉट पडत होते, जेसीबी फिरत होते. अजून एक वर्ष उशीर झाला असता तर अज्जावर कुणाचा तरी बंगला उभा राहिला असता.

शेवटी एका मळ्यात शेवंताआजी भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत.

"कोडोलीचा शिपाई व्हय? लंगडायचा त्योच की. आमच्या उसाला राखण हुता. आमच्याच बांधावर हाय." त्यांनी हात केला तिकडं एक धोंडा होता, शेंदूर लावलेला. "माझं मालक दर अमावश्येला नारळ फोडायचं."

मला रडूच आलं. त्या मात्र सांगत राहिल्या.

"पावसुळ्यात तापानं फणफणला. एका सकाळी बगितलं तर हालंना की बोलंना. पंचगंगा फुगल्याली, कोडोलीला सांगावा धाडायचा कसा? मालक म्हणलं, ह्यांच्यात पुरत्यात. मग छातीयेवढा खड्डा काढला. मी नवी नवरी, पर धरायला माणूस न्हवता म्हणून पाय मी धरलं. आडवा ठेवला, पोत्यानं झाकला आन माती वडली. गळ्यातलं द्येवाचं तसंच ऱ्हाऊ दिलं."

"आडवा ठेवला?"

"मग कसा ठिवत्यात?" मी रीत सांगितली. तशा त्या हळूच म्हणाल्या, "पुरत्यात येवढंच ठावं हुतं, पोरी. बसिवत्यात हे आमास्नी कोण सांगणार?"

त्यांची काहीच चूक नव्हती. परक्या माणसासाठी त्यांनी भर पावसात आठवणीनं आमची रीत पाळली होती, फक्त अर्धी.

मी ते अप्पांना सांगायला नको होतं, पण त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्या दिवसापासून ते पलंगावर झोपायचे बंद झाले. खुर्चीत बसूनच झोपायचे. मी रागावले तर म्हणाले, "माझा बाप तितं आडवा पडलाय आन मी पलंगावर लोळू?"

गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवलं, अज्जाला काढायचं, कोडोलीला न्यायचं आणि नीट बसवायचं. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही मळ्यात पोचलो. माझा भाऊ मल्लू, शेवंताआजींचा मुलगा, आमचे पुजारी जंगमस्वामी, आणि बांधावर खुर्ची टाकून अप्पा. आजी धोंड्याजवळ उभ्या राहून डोकं कुठं आणि पाय कुठं ते दाखवत होत्या.

झोपलेल्या माणसाच्या मापाचा लांबट खड्डा आखला. डोक्याच्या बाजूला नुसती माती. पायाच्या बाजूलाही नुसती माती. आजी चिडून म्हणाल्या, "हितंच हाय, मी काय येडी हाय?" मग मल्लूनं मधोमध कुदळ घातली आणि गुडघाभर खोलीवरच थांबला.

कवटी होती. इतक्या वर कशी, म्हणून सगळे वाकले. मल्लूनं पुढची माती हातानं काढली. कवटीच्या खाली बरगड्या, आणि अगदी तळाशी पायांची लांब हाडं, एकमेकांत अडकलेली.

मांडी घातलेली होती.

अज्जा बसला होता. मांडीत चांदीची डबी होती, काळीठिक्कर पडलेली. डबीचं झाकण उघडं होतं. लिंग बाहेर होतं, बोटांच्या बारक्या हाडांमध्ये.

जंगमस्वामींनी हात जोडले. मी आजींकडे पाहिलं, त्या धोंड्याला धरून बसल्या होत्या. "आडवा ठेवलता," एवढंच त्या पुटपुटत होत्या. त्यांच्या मुलानं शपथेवर सांगितलं, की त्या बांधाला कधी कुणी हात लावलेला नाही.

अप्पा मात्र लहान पोरासारखे रडत होते. "बसलाय," म्हणत होते. "शिवानं बसिवला माझ्या बापाला." इतक्या आनंदात मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अज्जाला आम्ही अज्जीशेजारी बसवला. त्यानंतर दिवाळीच्या आधी अप्पा गेले, तेही खुर्चीतच, शांतपणे. आता तेही त्या ओळीत आहेत.

मल्लूचं म्हणणं, काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, हाडं इकडची तिकडे होतात. होत असतील. पण माती हाडांना मांडी घालायला लावते? डबी उघडते? तो म्हणतो, तू जास्त विचार करू नकोस.

मी करणारही नव्हते. पण अप्पा गेल्यावर शेवंताआजी भेटायला आल्या. बायका बाहेर बसल्या होत्या, त्या उठून माझ्यामागं स्वयंपाकघरात आल्या. दार लोटलं.

"पोरी, तू शिकल्याली हाईस. एक इचारू? मेल्यावर मानसाचं पाय गरम ऱ्हात्यात काय गं?"

मी चहाखालचा गॅस बारीक केला.

"मी धरलं तवा गरम हुतं. मालकाला म्हणलं, तर म्हणलं, तापाचं असंल. मला पैल्यांदाच मढं धरायचं, मला काय ठावं… लई दिस झालं, झोप न्हाई."

मी म्हणाले, "राहतात आजी. ताप असला की राहतात थोडा वेळ."

"व्हय न्हवं?"

"व्हय."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, चहा घेतला आणि गेल्या. पुढं दोन पावसाळे त्या जगल्या. मुलगा सांगत होता, शेवटी शेवटी झोप चांगली लागायची.

छातीभर चिखलाखाली जिवंत माणसालासुद्धा उठून मांडी घालता येणार नाही, गळ्यातली डबी उघडून लिंग हातात घेता येणार नाही, हे मला समजतं. मेलेल्याला तर नाहीच नाही. मग त्या बांधाखाली काय झालं? ताप असला की पाय खरंच गरम राहतात का, हे एखाद्या डॉक्टरला विचारता येईल. माझे चार-पाच क्लायंट डॉक्टरच आहेत. पण मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.